हातोडीच्या जखमा

फील्डच्या सहलीच्या आदल्या दिवशी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. जेवणाच्या टेबलावर दोरखंड, भिंगं, होकायंत्रं. खुर्च्यांवर नकाशे. सोफ्यावर हातोड्या, एकीला एक लागून, वर्गात पोरं दाटीवाटीनं बसवावीत तशा. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या घरी हे दर वर्षी व्हायचं, आणि दर वर्षी सरांची बायको तेच विचारायची.

"जेवायचं कुठे आता? दगडांवर?"

"जन्मभर दगडांवरच जेवतोय आपण," सर म्हणाले. "मध्ये थोडी माती आणि फरशी आहे म्हणून कळत नाही, इतकंच."

"विनोद नकोत. टेबल रिकामं करा."

लेक त्याच कॉलेजात ग्रंथपाल होती. त्या दिवशी ती जरा लवकर घरी आली, तर बापानं तिच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. हातोड्यांच्या दांड्यांवर पट्टे ओढायचे होते.

"जाड ओढ. पोरं हातोडी गवतात टाकतात आणि मग माझ्याकडे असं बघतात, जशी काही मीच ती पेरली."

ती खाली वर्तमानपत्र पसरून पट्टे ओढत बसली. यंदाची बॅच कशी आहे, तिनं विचारलं. बरी आहे, बाप म्हणाला. एक चष्मिस आहे, प्रश्न विचारून जीव खाते, तिच्यासाठी जायला हवं. बाकीचे बसमध्ये गाणी म्हणण्यासाठी येतात. आई मोज्यांचे जोड पिशवीत कोंबत होती. "मी काय ध्रुवावर चाललोय?" "ओले पाय घेऊन घरात येऊ नका, एवढंच माझं म्हणणं." मग सगळे जेवले, ताटं मांडीवर घेऊन. बाप बातम्या बघत बातम्या देणाऱ्याशी भांडला आणि खुर्चीतच घोरायला लागला.

पुढे तिनं तो दिवस किती वेळा उलटासुलटा करून पाहिला. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शहराबाहेरच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत, सर पोरांना शिकवत होते. खाणीच्या तळाशी कड्यावरून सुटलेला एक दगड पडला होता, चांगला ट्रकएवढा. दर वर्षीची पोरं त्याचेच टवके काढायची, कारण उभ्या कड्याला हातोडी लावायला सरांची बंदी होती. सर त्या दगडाला टेकून बोलत होते. "हा सगळा खडक एकेकाळी समुद्राचा तळ होता, आणि..." एवढं म्हणून ते थांबले.

पोरंही थांबली. सर नेहमीच वाक्याच्या मध्ये थांबायचे. नेमका शब्द सापडेपर्यंत पुढे जायचे नाहीत. पोरांनी पेनं उघडी ठेवून वाट पाहिली. सर हळूच खाली बसले, तेव्हाही वाटलं, दमले असतील. चष्मिसनं पुढे होऊन खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

घरी माणसांची रीघ लागली. ती ओसरल्यावर फॅमिली डॉक्टर आले. सरांचे जुने मित्र. चहा न घेता बसून राहिले आणि मग लेकीकडे बघून म्हणाले, "तुला माहीत नसेल. त्याचा कार्डिओग्राम चांगला नव्हता. मी त्याला सांगितलं होतं, लगेच पुढच्या तपासण्या कर, चढ-उतार बंद. तर म्हणे, फील्ड होऊ दे, मग बघू. एका आठवड्यानं काय बिघडतं?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. म्हणजे आईला माहीत होतं.

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "बाहेर कुणाला बोलू नकोस. ते पोरांना जन्मभर सांगत आले, पुरावा बघा, पुरावा बघा. आता लोक म्हणतील, स्वतःच्या छातीतला पुरावा नाही दिसला? त्यांचं नाव राहू दे."

लेकीनं मान हलवली. म्हणून शोकसभेत सगळे 'अचानक' म्हणाले. प्राचार्य म्हणाले, सहकारी म्हणाले, विद्यार्थी म्हणाले. काळानं अचानक घाला घातला. लेक पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून ऐकत होती. 'अचानक' म्हणजे कडी न लावलेलं दार. कोणीही ढकलावं आणि आत यावं.

आत आला तो शिळाबाबा.

*

महिना-दीड महिना झाला असेल. ग्रंथालयात कुजबुज सुरू झाली: खाणीतला दगड जागृत झालाय. सरांनी ज्याला टेकून प्राण सोडला, तोच. त्याच्यावर वर्षानुवर्षं हातोड्यांचे घाव पडले. आता त्या जखमा फेसाळतात. जिथे घाव नाही तिथे काही नाही. जिथे घाव आहे तिथेच, बरोब्बर तिथेच, तीर्थ पडलं की दगडाच्या तोंडाला फेस येतो.

लेक सुटीच्या दिवशी बघायला गेली. एकटीच.

खाणीच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. आत उतरायच्या वाटेवर दोऱ्या बांधून रांगा केल्या होत्या: बायकांची, पुरुषांची, आणि आजाऱ्यांची वेगळी, कारण फेस छातीला लावला की दम आणि धडधड थांबते असं ठरून गेलं होतं. आजाऱ्यांच्या रांगेत एक म्हातारे काका दर दोन पावलांनी थांबत होते, आणि त्यांची सून त्यांना म्हणत होती, "आता आलंच, मामंजी. थोडंसंच राहिलंय."

दगडाला भगवं कापड गुंडाळलं होतं. समोर चौरंगावर जाडजूड माणूस, गळ्यात खड्यांच्या माळा, हातात तांब्या, तोंडासमोर माईक.

"शिळा ही काय वस्तू आहे?" बाबा गरजला. "शिळा म्हणजे स्मृती! शास्त्रज्ञ म्हणतात, दगड निर्जीव. का रे बाबा? तू विचारलंस का त्याला? दगडात कंपनं असतात. एनर्जी असते. आजचं विज्ञान आज तिथे पोचतंय, जिथे शिळा कोट्यवधी वर्षांपासून बसून आहे!"

गर्दीनं माना डोलावल्या. कंपनं म्हटल्यावर कोणाची मान डोलणार नाही?

"या जखमा बघा. कोणी केल्या? ज्ञानाच्या अहंकारानं केल्या! शिळेनं सोसलं. किती सोसावं? शेवटी तिनं हिशेब चुकता केला. मी नाव घेत नाही. गेलेल्या जीवाबद्दल वाईट बोलू नये. पण कुठे गेला तो जीव? घरी? रस्त्यात? नाही. इथे! बोलता बोलता! अर्ध्या वाक्यात शिळेनं त्याची वाचा घेतली!"

लेक दोरीला धरून रांगेत पुढे सरकली.

बाबानं तांब्या उचलला, सगळ्यांना दिसेल असा घोटभर स्वतः प्यायला, आणि उरलेल्याची धार दगडावर धरली. काळपट पाठीवरून पाणी नुसतं घरंगळलं. धार सरकत सरकत एका पांढुरक्या टवक्यावर आली, आणि तिथे सरसर बुडबुडे उठले. पांढरा फेस. गर्दीतून एक लांब 'हाऽऽ' निघाला. पुढच्या टवक्यावर पुन्हा फेस. मध्ये काही नाही. एका बाईनं तिथेच लोळण घेतली.

"तिला दुखतंय!" बाबा कळवळला. "ज्या हत्यारांनी घाव घातले ती हत्यारं तिच्या चरणी टाका! तेव्हाच ती शांत होईल!"

दगडाच्या पायथ्याशी हातोड्यांचा ढीग होता. लेक रांगेतून तिथे पोचली तेव्हा दांड्यांवरचे पिवळे पट्टे तिला लांबूनच ओळखू आले. तिनं इतर बायकांसारखा दगडाला हात लावला, आणि तो हात रुमालाला पुसत ती वर चढून आली.

*

"ताई, मीपण टाकली माझी हातोडी," चष्मिस दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या खिडकीशी येऊन म्हणाली. पुस्तक परत करायचं निमित्त होतं. "आईनं शपथ घातली. सगळ्यांनीच टाकल्यात. पुढच्या वर्षी फील्ड होणारच नाहीये. सरांच्या जागी आता धाकटे सर शिकवतात ना, ते म्हणाले, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, आपण स्लाइडवर दगड बघू."

"स्लाइडवर?"

"प्राचार्य म्हणाले, पालकांच्या सह्या मिळणार नाहीत. आणि फील्ड नसेल तर विषय कोण घेणार? बंदच पडेल."

"तू तिसऱ्या वर्षाला आहेस ना?" लेक म्हणाली. "चुनखडकावर ॲसिड टाकलं की काय होतं?"

"फेस येतो. हे काय विचारणं झालं, ताई? पहिल्याच फील्डला सरांनी दाखवलं होतं. पण तो बाबा ते पाणी पितो! आमच्या ड्रॉपरच्या बाटलीवर कवटीचं चित्र असतं. ॲसिड कोण पिईल?"

"बरं. आणि?"

"आणि फक्त घावांवरच येतो. ॲसिड असतं तर सगळ्या दगडावर आला असता ना? आम्ही सगळ्यांनी यावर खूप डोकं चालवलं." तिनं चष्मा वर सरकवला. "त्यात सर त्याच दगडापाशी. मीच हात लावला होता त्यांना. मला झोप लागत नाही, ताई."

ही त्या पोरांची चूक होती, आणि ती फक्त त्यांचीच होऊ शकली असती. ॲसिड म्हणजे काय, हे त्यांना बाटलीवरच्या लेबलावरून ठाऊक होतं. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं ते फेस बघून फसले. ज्यांना शिकवलं होतं ते जरा विचार करून फसले.

"तो बाबा आधी कोण होता, माहितीये?" लेकीनं विचारलं. "मला त्याचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला."

"तो? तो तर सरबतवाला. फाटकाशी गाडी असायची त्याची. आमची बस आली की गाडी सोडून खाली यायचा आणि मागे उभा राहून सरांचं सगळं ऐकायचा. मागच्या वर्षी त्यानंच विचारलं होतं, सर, हा फेस कशाचा? आणि सरांनी त्याला एवढं समजावून सांगितलं, आमचं जेवण गार झालं."

लेकीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं आणि जरा चुकीच्या जागी आलं. सगळ्या वर्गात एकट्यानं नीट ऐकलं होतं, आणि तो बाबा झाला.

त्या संध्याकाळी तिनं पर्समधून रुमाल काढला. दगडाला लावलेला हात तिनं त्याला पुसला होता. रुमालावर तेलाचा डाग होता.

बापाच्या खिडकीत दगडांची ओळ होती. त्यातला चुनखडकाचा एक तुकडा तिनं स्वयंपाकघरात आणला. लिंबं कापली. तेलाची बाटली घेतली.

"एवढी लिंबं कशाला?" आईनं विचारलं.

"बघ." तिनं दगडाच्या एका बाजूला तेल चोळलं, दुसरी तशीच ठेवली, आणि लिंबू पिळलं. कोरड्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे उठले. तेलाच्या बाजूवरून रस घरंगळला. "कळलं? तेलाखाली रस पोचतच नाही. तो सगळ्या दगडाला तेल चोळतो आणि टवके तेवढे कोरडे ठेवतो. बस. एवढाच चमत्कार."

आईनं दगडाकडे पाहिलं आणि ओट्यावरचं फडकं घेऊन सांडलेला रस पुसायला लागली.

"मला नको दाखवूस."

"आई..."

"मी रविवारी त्यांची हातोडी तिथे नेणार आहे."

"अगं, आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं!" आईचा आवाज चढला. "मला काय डोळे नाहीत? पण त्या दगडाची माफी तरी मागता येते. जाऊन पाया पडलं, संपलं. नाहीतर कुणाची माफी मागू मी? मला माहीत होतं डॉक्टर काय म्हणाले ते. मी मोजे भरले पिशवीत. मोजे! हाताला धरून बसवायचं होतं त्यांना घरात. ते सोडून मी टेबल रिकामं करा म्हणत होते." तिनं फडकं पिळलं, ज्यात पिळण्यासारखं काही नव्हतं. "दगडानं मारलं म्हणतात ना? मारू दे दगडानं."

लेकीनं पिळलेली लिंबं गोळा केली. बाबाचा धंदा फेसावर चालत नव्हता. तो यावर चालत होता.

*

रविवारी सकाळी मायलेकी खाणीत उतरल्या. आईच्या हातात कापडात गुंडाळलेली सरांची हातोडी. लेकीच्या पिशवीत भांडी घासायचा साबण, काथ्याचा ब्रश, पाण्याची बाटली आणि तेलाची पिशवी. चष्मिसला तिनं निरोप पाठवला होता. ती बस करून अख्खी बॅच घेऊन आली होती. धाकटे सरही आले होते आणि लांब उभे होते, कोणत्याही बाजूला मोजले जाणार नाहीत असे.

"सरांच्या घरची मंडळी आली!" बाबानं माईकमध्ये हाक दिली. "वाट द्या, वाट द्या! बघा, शिळेची करुणा बघा! ज्यांनी घाव घातले त्यांच्याच घरचे शरण आले! या माई. आधी तीर्थ घ्या."

हे तीर्थ एरवी तो कुणाला देत नसे. आज गर्दीला देखावा हवा होता. त्यानं आईच्या तळहातावर धार सोडली. आईनं डोळे मिटून ओठ लावले, आणि डोळे उघडले.

"आंबट आहे," ती म्हणाली. माईक जवळच होता.

"शिळेचे अश्रू आहेत ते, माई!"

"अश्रू खारट असतात."

रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. आई पुन्हा एकदा जीभ टाळूला लावून बघत होती. तिनं जन्मभर उन्हातून आलेल्या पोरांना सरबतं करून दिली होती. या एका बाबतीत तिला खोटं बोलता येईना.

"लिंबूसत्व आहे हे," ती हळूच म्हणाली. "आणि जास्त पडलंय."

"कलियुग!" बाबा ओरडला. "तीर्थाची चव घेतात!"

लेकीनं तेवढ्यात पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि दगडाच्या काळपट पाठीवर साबण चोळायला सुरुवात केली. दोन सेवेकरी धावले. त्यांच्या आणि तिच्या मध्ये चष्मिस उभी राहिली, मग बॅचमधला एक लंबू, मग सगळीच. कोणी कोणाला हात लावला नाही. पोरं नुसती उभी राहिली, बसच्या दारात राहतात तशी, की मुंगीला वाट मिळू नये.

"ताई, भावना दुखावतील हं," धाकटे सर लांबून म्हणाले.

"घासल्यानं दगडाला दुखत नाही, सर. तुम्ही पुढे या आणि पहिल्या वर्षाला जे शिकवता ते सांगा. नाही? बरं, मी सांगते." तिनं ब्रश चालवत चालवत आवाज चढवला. ग्रंथालयात जन्म काढलेल्या बाईचा आवाज एवढा असू शकतो हे कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. "मंडळी, हात लावून बघा. हा दगड तेलकट आहे. रोज पहाटे याला तेल चोळतात. हे टवके तेवढे कोरडे ठेवतात. हा चुनखडक आहे. शिंपल्यांचा, समुद्राच्या गाळाचा. यावर कुठलंही आंबट पडलं की फेस येतो. तेलावर पडलं तर येत नाही. आता इथलं तेल मी काढलंय. इथे एकही घाव नाही. बाबा, टाका तीर्थ."

"मी? पापी हातांनी विटाळलेल्या जागी?"

"आई, तू टाक."

तांब्या चौरंगाच्या कडेला होता. आईनं एकदा लेकीकडे, एकदा हातातल्या हातोडीकडे पाहिलं. मग हातोडी काखेत धरली, तांब्या उचलला आणि ओतला.

घासलेल्या जागेवर फेस उठला. पसाभर, पांढरा, सरसरणारा. घाव नव्हता, जखम नव्हती. जिथे जिथे साबण फिरला होता तिथे तिथे दगड फसफसत होता.

"आता उलटं," लेक म्हणाली. तिनं तेलाची पिशवी फोडली, बोटं बुडवली आणि सगळ्यात मोठ्या टवक्याला, बाबा ज्याला 'काळजाची जखम' म्हणायचा त्याला, तेल चोपडलं. "ओत, आई."

आईनं ओतलं. पाणी घरंगळलं. काही झालं नाही.

"झाली बरी जखम," लंबू म्हणाला. "शेंगदाण्याच्या तेलानं."

आता हसणं आवरेना. मागच्या बाजूनं कोणी ओरडलं, "बाबा, सरबताला साखर घाला की जरा!" लोळण घेणारी बाई उठून पदर झटकत होती. चष्मिसनं ढिगातून आपली हातोडी ओढून काढली, मग दुसरी, मग पोरं आपापले पिवळे पट्टे शोधायला लागली.

पण बाबा कसलेला होता. त्यानं हसणं विरू दिलं. मग माईक तोंडाजवळ धरून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"फेसाचं सोडा. फेस खोटा म्हणा. माणूस तर खरा मेला ना? बोलता बोलता, याच शिळेपाशी, धडधाकट माणूस! कालपर्यंत चालता-फिरता. त्याला काही आजार होता? सांग ना, बाळा. होता?"

हशा बंद पडला. पोरांचे हात ढिगावर थांबले. चष्मिसनं हातोडी छातीशी धरली आणि लेकीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत झोप न लागलेल्या सगळ्या रात्री होत्या. बाबाला कडी न लावलेलं दार पुन्हा सापडलं होतं.

आजाऱ्यांच्या रांगेत मागच्या वेळचे ते म्हातारे काका आजही दोरीला धरून उभे होते. त्यांचा श्वास माईकशिवाय ऐकू येत होता.

"काका," लेक म्हणाली, "तुमच्या छातीत दुखतं?"

"चढलं की दुखतं. डाव्या हातात येतं."

"मग इथे नका थांबू. हा फेस लावून काही होणार नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. ही पोरं तुम्हाला उचलून वर नेतील, बस उभी आहे."

काकांनी तिला नीट न्याहाळलं. "तू सरांची मुलगी ना? एवढा शिकलेला माणूस. त्यांना काही होत असतं, तर ते नसते का गेले दवाखान्यात?"

हाच प्रश्न होता. सरळ होता आणि योग्य होता. लेकीनं आईकडे पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटले होते. बापाचं नाव, पुरावा बघा, लोक हसतील. समोर बापाचे सगळे विद्यार्थी उभे होते, ज्यांच्यासाठी तो माणूस कधी चुकलाच नव्हता.

आईनं तांब्या चौरंगावर ठेवला. "सांग त्यांना," ती म्हणाली.

"होता," लेक म्हणाली. माईक नव्हता, गरज नव्हती. खाणीच्या भिंती आवाज परत देत होत्या. "माझ्या बाबांना हृदयाचा आजार होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तपासण्या करा, चढू नका. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर त्यांचं हृदय कसं चाललंय ते छापलेलं होतं. जन्मभर पुरावा बघा म्हणणाऱ्या माणसानं तो पुरावा बाजूला ठेवला. कोट्यवधी वर्षांचे हिशेब करायची सवय होती त्यांना. एका आठवड्यानं काय बिघडतं, म्हणाले. बिघडलं. हृदयाचं रक्त बंद झालं आणि ते मेले. या दगडापाशी मेले कारण ते इथे शिकवत होते. बसमध्ये असते तर बसमध्ये मेले असते. मग तुम्ही बसची पूजा केली असती का?"

लंबूनं एका सेवेकऱ्याची खुर्ची ओढून आणली आणि काकांना तीत बसवलं.

"दगडानं काही केलं नाही. दगड काही करू शकत नाही. मारू शकत नाही आणि बरंही करू शकत नाही. तुम्ही इथे रांगेत उभे राहता, तेवढा वेळ तुमच्या छातीत काय चाललंय ते कोणी बघत नाही. माझ्या बाबांनी एक आठवडा घालवला. तुम्ही तोच आठवडा इथे घालवताय. बघा. विचारा. तपासा. ज्याला तपासू देत नाहीत, ते मानू नका. आणि मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणूनही मानू नका, माझ्या बाबांनी सांगितलं तरी नाही, कारण..."

ती थांबली. नेमका शब्द तिला माहीत होता. तो न उच्चारता दिवसच्या दिवस गेले होते. लंबू आणि आणखी एक जण काकांना खुर्चीसकट उचलायला वाकले होते. तेही तसेच थांबले.

ती आईकडे वळली. पुढचं बोलणं गर्दीसाठी नव्हतं, पण ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कारण बाबा चुकले. तू नाही, आई. मोजे भरणारी नाही, टेबल आवरा म्हणणारी नाही. या पोरांपैकी कोणी नाही. बाबा चुकले. मला ते खूप आवडायचे, आणि मला त्यांचा भयंकर राग आलाय, आणि ते चुकले."